पोटखराब्याची कहाणी

महसुलाच्या दप्तराशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे, अशा आमच्या वाचकांना 'पोटखराबा' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, जिच्यातून सरकारला आकार मिळावयाचा नाही, ती बाजूला काढून तिच्यापुढे हा शेरा लिहावयाचा आणि पुढच्या नंबराकडे वळावयाचे, ही रीत जुनी आहे. रीत म्हणून ती गैर नव्हे. आकारणीचे काम तिच्यावाचून चालावयाचे नाही. परंतु हा शेरा केवळ आकारणीपुरता असतो, जमिनीच्या मोलाचा तो निवाडा नव्हे, ही गोष्ट पिढ्या उलटल्या की विसरली जाते. जपानच्या उत्तर टोकाकडील होक्काइदो बेटावर कुशिरोची विस्तीर्ण दलदल पाहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा याच शब्दाची आम्हांला पुनःपुन्हा आठवण झाली. तेथे तो शब्द नाही. पण त्यामागची दृष्टी होती, आणि ती बदलण्यास त्या देशाला शंभर वर्षे लागली.

कुशिरो हे प्रशांत महासागरावरील बंदराचे गाव. गावाच्या उत्तरेस जी सपाट, गवताळ पाणथळ पसरली आहे, ती जपानातील सर्वांत मोठी होय. शहरातून बसने पाऊणएक तासात आपण तिच्या पश्चिमेकडील टेकडीवर, नगरपालिकेने १९८४ साली उघडलेल्या निरीक्षणगृहापाशी येऊन पोहोचतो. ही इमारत मोझुना किको या कुशिरोतच जन्मलेल्या वास्तुशिल्पज्ञाची. तिचा आकार त्याने 'याचिबोझू'वरून घेतला. याचिबोझू म्हणजे 'दलदलीतला भिक्षू'. येथे लव्हाळ्याच्या जातीचे एक गवत झुबक्याझुबक्यांनी वाढते. हिवाळ्यात जमीन गोठली की हा झुबका मुळांसकट वर उचलला जातो, वसंतात बर्फाचे पाणी त्याच्या बुडाची माती धुऊन नेते, आणि असे वर्षानुवर्षे होत जाऊन अखेर चिखलातून एखादे डोके वर आल्यासारखा तो दिसू लागतो. भिक्षूंचे मठ आम्ही जपानात पुष्कळ पाहिले होते. भिक्षूच्या डोक्याच्या आकाराचे निरीक्षणगृह मात्र येथेच पाहिले.

परंतु त्या सकाळी गच्चीवरून आम्हांला दिसले ते एवढेच, की काहीच दिसत नाही. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर समुद्रावरून दाट धुके येते, आणि आमचा जून महिना नेमका त्याच्या भरात होता. अर्धा तास वाट पाहिल्यावर तेथील एका वृद्ध सेवकाने हसून हातानेच खूण केली, की येथे थांबून काय करता, खाली चालत जा. त्याचा सल्ला आम्ही मानला, आणि जे टेकडीवरून दिसले नसते ते त्यामुळे दिसले.

निरीक्षणगृहाभोवती झाडीतून सुमारे अडीच किलोमीटरांचा फेरा घालणारी लाकडी फळ्यांची पायवाट आहे. ती ज्या पठारावरून जाते त्याच्याच अंगाला होकुतो हे पुरातन वसाहतीचे स्थळ आहे. अश्मयुगीन माणसापासून पुढे हजारो वर्षे येथे वस्ती होती. जमीन खोदून उभारलेल्या त्यांच्या घरांचे तीनशेहून अधिक खळगे आजही डोळ्यांना दिसतात. त्यांतील सर्वांत जुन्या वस्तीच्या काळी खाली दलदल नव्हती. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्र आत शिरलेला होता आणि ही सारी सपाटी म्हणजे एक उथळ आखात होते. शहराच्या पूर्व भागात शिंपल्यांचे जे प्राचीन ढीग सापडले आहेत, ते याच खाडीकाठच्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे. पुढे समुद्र मागे हटला, नद्यांचे पाणी तुंबले, बोरू आणि लव्हाळे माजले. थंडीमुळे मेलेले गवत पुरते कुजेना. ते थरावर थर साचत गेले. या अर्धवट कुजलेल्या गवताच्या भूमीला पीट म्हणतात. ती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढते. म्हणजे माणसाचा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला, तर त्याच्या बुटाखाली एका शतकाचे काम दबते. फळ्यांची वाट कशासाठी, हे आम्हांला या हिशेबाने उमगले. ती आपले पाय कोरडे राहावेत म्हणून नाही. आपल्या पायांपासून जमीन वाचावी म्हणून आहे.

टेकडी उतरून ओन्नेनाईकडे जाणाऱ्या वाटेला लागलो, तेव्हा एका गोष्टीचे नवल वाटले. निसर्गदर्शनाची वाट वळणे घेत जावी. ही तर डोंगरपायथ्याने कोठे सरळ, कोठे मोजूनमापून वाकत, बांधासारखी उंचावरून चालली होती. पायवाटेचा तो स्वभाव नव्हे. ही वाट पायी चालणाऱ्यांसाठी मुळी घातलीच नव्हती. ती एका छोट्या लोहमार्गाची गादी होती, आणि दलदलीचा अर्वाचीन इतिहास त्या गादीवरूनच चालत आलेला आहे.

तो इतिहास सांगावयाचा तर आयनू लोकांपासून आरंभ केला पाहिजे. होक्काइदोचे हे मूळ रहिवासी. कुशिरो आणि ओन्नेनाई ही दोन्ही नावे त्यांच्याच भाषेतून आलेली. 'ओन्नेनाई' म्हणजे थोरला ओढा. या दलदलीतील तांबड्या माथ्याच्या क्रौंच पक्ष्याला ते 'सारोरुन कामुय', म्हणजे बोरूच्या रानातला देव, असे म्हणत. त्यांच्या दृष्टीने ही भूमी ओसाड नव्हती; तीत देव राहत होता, मासे मिळत होते, शिकार मिळत होती.

१८५८ साली मात्सुउरा ताकेशिरो नावाचा एक प्रवासी या भागातून गेला. १८४५ पासून सहा वेळा त्याने हे बेट पालथे घातले, ते आयनू वाटाड्यांच्या सोबतीने. त्याने जो नकाशा तयार केला, त्यात सुमारे ९,८०० आयनू स्थलनामे नोंदली. मासेमारीची ठाणी मक्त्याने घेणारे व्यापारी आयनूंना कसे राबवतात, हेही त्याने लिहून ठेविले. १८६९ साली नव्या मेइजी सरकारने बेटाच्या विकासासाठी स्वतंत्र खाते काढले, मात्सुउराला त्यात वरच्या हुद्द्यावर नेमण्यात आले, आणि 'होक्काइदो' हे नाव त्याच्याच सूचनेवरून ठरले. परंतु मक्तेदार हटेनात आणि आयनूंची स्थिती सुधारेना, हे पाहून पुढच्याच वर्षी त्याने राजीनामा दिला व मिळालेला दरबारी दर्जाही परत केला. नोकरीत राहून जे करता येत नाही ते करण्यासाठी नोकरी सोडणारे अधिकारी कोणत्याच देशात फार नसतात. कुशिरोत त्याचा पुतळा आहे. त्यात तो एकटा नाही, शेजारी त्याचा आयनू वाटाड्याही आहे, ही गोष्ट आम्हांला विशेष वाटली.

मात्सुउराच्या नकाशावर ज्या जागेला हजारो नावे होती, ती १८७२ च्या जमीनविषयक नियमांनी बिनमालकीची ठरली. आयनूंची शिकारीची राने व मासेमारीचे काठ सरकारजमा होऊन वाटपासाठी खुले झाले. १८८५ साली कुशिरोच्या काठावरील आयनू कुटुंबांना दलदलीच्या वरच्या अंगाला नेऊन शेती शिकविण्याचा प्रयोग झाला. १८९९ च्या कायद्याने त्यांना जमिनीचे तुकडे देण्यात आले. कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता. तो रद्द होण्यास १९९७ साल उजाडले.

मग वसाहतवाले आले. त्यांना दोष देणे आमच्या मनात नाही. मुख्य भूमीवर ज्यांना पोटापुरती जमीन नव्हती, अशीच ही माणसे होती. १९२० च्या ऑगस्टमध्ये कुशिरो नदीला महापूर येऊन शहर बुडाले, तेव्हा नदीला समुद्राकडे नेणारे नवे सरळ पात्र खोदण्यात आले आणि बांध घालण्यात आले. त्याच दशकाच्या अखेरीस आतल्या वसाहतींसाठी तो छोटा लोहमार्ग आला. रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. आरंभी गाड्या घोडे ओढीत. पुढे एंजिने आली. वर्षाचे कित्येक महिने जेथे रस्ता म्हणजे चिखलाचा ओढा होई, तेथे या रुळांवरून धान्य, दूध, आजारी माणसे आणि पत्रे ये-जा करीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रस्ते सुधारले आणि मार्ग बंद पडला. आम्ही चाललो ती वाट त्याचीच.

याच वसाहतींत या कहाणीचे वळण आहे. तांबड्या माथ्याचा क्रौंच जपानातून नामशेष झाला, अशी समजूत होऊन गेली होती. १९२४ साली या दलदलीत दहापंधरा पक्षी जिवंत आढळले. १९३५ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. परंतु कायद्याने पोट भरत नाही. हिवाळ्यात ओढे गोठले की ते उपासमारीने मरत. १९५० च्या सुमारास अकान आणि त्सुरुई या गावांतील शेतकऱ्यांनी बर्फाच्या वादळांत त्यांना आपल्या कणग्यांतला मका टाकण्यास आरंभ केला. १९५२ साली गणती झाली, तेव्हा पक्षी भरले तेहतीस. या गणतीच्या कामी पुढे शाळांतली मुलेही राबू लागली. ज्यांना दलदल हटविण्यासाठी आणले होते, त्यांनीच दलदलीच्या देवाला जगविले, आणि जगविले ते दलदलीच्या काठी पिकलेल्या दाण्यावर! 'त्सुरुई' या नावाचा अर्थच मुळी 'क्रौंच राहतात ते स्थान' असा आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही संख्या हजारावर गेली.

पक्षी वाचला म्हणजे त्याचे घर वाचले, असे मात्र नाही. देशभर कारखाने आणि महामार्ग यांचे वारे वाहत होते, आणि दलदल भरून काढण्याच्या योजनाही पुढे येत होत्या. १९६७ साली दलदलीचा मध्यभाग राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक ठरला. १९८० मध्ये जपान पाणथळ भूमींविषयीच्या रामसर करारात सामील झाला, तेव्हा त्याने यादीत घातलेले पहिले स्थळ कुशिरो होते. १९८७ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९९३ साली करारातील राष्ट्रांची पाचवी परिषदही कुशिरोलाच भरली. पूर आला की पाणी पोटात घेऊन खालचे शहर वाचविणारी जागा हीच, हे नदीखात्याच्याही ध्यानी आले होते. म्हणजे निरुपयोगी म्हणविणारी ही भूमी मुळापासूनच बिनपगारी चाकरी करीत होती.

पण मधल्या काळात वरच्या बाजूस नद्या सरळ केल्या गेल्या होत्या. वळणांवर जो गाळ अडून राहावयाचा, तो थेट दलदलीत येऊन पडू लागला. जमीन कोरडी होऊ लागली आणि गवताच्या जागी आल्डरची झाडे चढू लागली. १९४७ साली सुमारे २४,६०० हेक्टर असलेली दलदल १९९६ पर्यंत १९,४०० हेक्टरांवर आली, आणि आल्डरचे रान तिपटीहून अधिक झाले. तेव्हा २००२ साली निसर्गाच्या पुनःस्थापनेचा कायदा झाला आणि कायानुमा येथे सरळ केलेली कुशिरो नदी पुन्हा वाकडी करण्याचे काम निघाले. २०१० मध्ये जुन्या वळणांतून पाणी पुन्हा वाहू लागले. एका पिढीतील अभियंत्यांनी नदी सरळ केली, दुसऱ्या पिढीतील अभियंत्यांनी ती वाकविली, आणि दोघांनीही ते काम लोककल्याण म्हणूनच केले! पहिले चुकले असे आज म्हणणे सोपे आहे. त्यांच्यापुढे पुरात बुडालेले शहर होते. परंतु चूक मान्य करून तीच नदी पुन्हा खोदावयास लागणारे धैर्यही लहान म्हणता येणार नाही.

ओन्नेनाईस आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. तेथे फळ्यांची वाट गादी सोडून खुद्द दलदलीत शिरते. दोहों बाजूंना बोरू, मधून मधून याचिबोझूंची डोकी, आणि काळसर स्वच्छ पाणी. एकाएकी धुके उचलले गेले. मैलच्या मैल हिरवी सपाटी उघडी झाली. तीत नदी होती, ती एखाद्या ठिकाणी चकाकली तेवढीच दिसली. क्रौंच दिसला नाही. त्याचा आवाज दुरून दोनदा आला, एवढ्यावर समाधान मानून आम्ही परतलो.

येथेच थांबावे, तर कहाणी पुरी झाल्याचा भास होईल. ती पुरी झालेली नाही. उद्यानाच्या सीमेबाहेर जी दलदल उरली, तेथे गेल्या काही वर्षांत सौर विजेच्या तावदानांची शेते पसरू लागली. त्यावर कुशिरो नगरपालिकेला २०२५ साली परवानगीचे बंधन घालणारा नियम करावा लागला. उद्देश पाहिला तर वाईट म्हणता येत नाही. वीज हवीच आहे. पण जागा निवडताना पुन्हा तीच निवडली गेली, जी कागदावर रिकामी दिसते.

आमचे वाचक आज देशाच्या नाना प्रांतांत कामावर आहेत. कोणी चिल्काच्या काठी असतील, कोणी भरतपूरच्या बाजूला. ही दोन स्थळे भारताने रामसर यादीत १९८१ साली घातली. महाराष्ट्रातील पहिले स्थळ, गोदावरीवरील नांदूरमध्यमेश्वर, त्या यादीत यावयास आणखी पुष्कळ वर्षे लागली. आणि तेथील पाणथळ तर बंधाऱ्याच्या मागे साचलेल्या गाळाने झालेली. अशा जागांची कागदपत्रे आपल्यापैकी कोणाच्या तरी टेबलावरून जात असतात. शेरा लिहिण्यापूर्वी एकदा त्या जागेवर जाऊन, तिला तेथील लोक कोणत्या नावाने हाक मारतात एवढे तरी विचारून यावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. मात्सुउराने एका बेटात सुमारे ९,८०० वेळा ते विचारले होते.