गुन्हेगार जमाती

ब्रिटिश अमदानीत ज्या जातिजमातींना कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविण्यात आले, त्यांना उद्देशून रूढ झालेली संज्ञा. अपराध सिद्ध झाल्यावरच व्यक्तीस शिक्षा व्हावी, हे आधुनिक फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व होय. या कायद्याने मात्र विशिष्ट कुळातील जन्म हाच संशयाचा आधार मानला.

१८५७ च्या उठावानंतर भटक्या लोकांवर नियंत्रण ठेवणे सरकारला निकडीचे वाटू लागले. रेल्वे व पक्क्या सडकांमुळे बंजाऱ्यांची बैलांवरील मालवाहतूक बुडाली होती. जंगलविषयक निर्बंधांनी पारध्यांची शिकार आक्रसली. जातीचा धंदा पिढीजात असतो, त्याचप्रमाणे गुन्हाही पिढीजात असतो, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. इटालियन वैद्य लोंब्रोसो यानेही १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली.

१८७१ चा गुन्हेगार जमाती अधिनियम प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या अधिनियमाने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश भारतात वाढविली व १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. अधिसूचित जमातींतील व्यक्तींची नोंदणी करणे, बोटांचे ठसे घेणे, ठराविक वेळी हजेरी लावणे, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी आणि वसाहतींत स्थानबद्धता या त्यातील प्रमुख तरतुदी होत. जमात अधिसूचित करण्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. सोलापूर, हुबळी इ. ठिकाणी अशा वसाहती होत्या. तेथील स्त्रीपुरुष गिरण्यांत कामास जात.

मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये दलित व आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारी समिती नेमण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला. त्याच वर्षी नासिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्यास यश न आल्याने १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला (जि. नासिक) येथील परिषदेत, हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा आंबेडकरांनी केली. जन्माने लादलेली ओळख नाकारण्याचा मार्ग या समाजासमोर तेथे खुला झाला. अधिसूचित जमातींना मात्र तो नव्हता. धर्म बदलला तरी पोलिसांच्या नोंदवहीतील नाव स्वतः पुसता येत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात आयंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून हा कायदा देशभर रद्द झाला. या जमातींना विमुक्त म्हणण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार इ. १४ विमुक्त जाती मानल्या जातात. तथापि मुंबईचा सराईत गुन्हेगार अधिनियम १९५९ मध्ये आला. त्यात व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांना आधार मानले असले, तरी जुन्या ओळखीवर आधारलेला संशय टिकून राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या उचल्या (१९८७) या आत्मकथनातून त्याचे दर्शन घडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारित कामाची विभागणी घटनाबाह्य ठरविली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. मूळ कायदा रद्द झाल्यावर ७२ वर्षांनी तुरुंगाच्या कागदपत्रांतून ही ओळख पुसण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून तिची खोली लक्षात येते.