हेरगिरी न करणारी शोधिका : 'रजनी'

दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर म्हटले की आपल्याकडे पुरुषच डोळ्यांसमोर येतो. १९८५ साली दूरदर्शनवर पंकज पराशर दिग्दर्शित 'करमचंद' ही मालिका आली. गाजर खात गुन्ह्यांची उकल करणारा करमचंद (पंकज कपूर) आणि त्याची सहायक किटी (सुश्मिता मुखर्जी) ही जोडी घराघरांत पोहोचली. मात्र किटीचे काम मुख्यतः भाबडे प्रश्न विचारण्याचे आणि करमचंदकडून गप्प बसवून घेण्याचे होते. गंमत अशी, की खऱ्या अर्थाने शोध घेणारी स्त्री त्याच वर्षी त्याच पडद्यावर अवतरली होती. तिच्याकडे ना पिस्तूल होते, ना सहायक. ती होती बासू चटर्जी दिग्दर्शित 'रजनी'.

रविवारी सकाळी लागणाऱ्या या अल्पायुषी मालिकेची नायिका एक मध्यमवर्गीय गृहिणी होती. तिच्या वाट्याला खून वा दरोडे येत नसत. गॅस सिलिंडरच्या वितरणातील गैरव्यवहार, टॅक्सीचालकांची अरेरावी अशी तिची 'प्रकरणे' असत. पण पद्धत हेराचीच होती : काय घडले ते नीट पाहायचे, नेमका प्रश्न विचारायचा, उडवाउडवीच्या उत्तराने समाधान मानायचे नाही आणि जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचायचे. गुन्हेगार सर्वांना ठाऊक असे. रहस्य एवढेच उरे, की त्याला कोणी जाब का विचारत नाही?

विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर हिने ही भूमिका केली. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर'मध्ये (१९७४) ती दिसली होती, मराठी चित्रपटांतूनही परिचित होती. 'रजनी'ने मात्र तिला देशभर ओळख दिली. तिच्या पतीची भूमिका करण राझदान यांनी केली होती. मालिकेचा परिणाम पडद्यापुरता राहिला नाही. टॅक्सीचालकांवरील भागाने दुखावलेल्या चालकांनी निषेध नोंदवला. एखाद्या तक्रारखोर बाईला 'रजनी' म्हणण्याची पद्धत रूढ झाली. कधी कौतुकाने, कधी टोमणा म्हणून.

या यशामागे काळाचाही वाटा होता. गॅस आणि दूरध्वनीच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे ग्राहक हा याचकच असे. महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक पंचायतीने सत्तरच्या दशकातच या असहायतेविरुद्ध चळवळ उभी केली होती. 'रजनी'ने तोच विचार बैठकीच्या खोलीत आणला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याचे श्रेय मालिकेला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण लोकांची मनोभूमी तयार होती याची ती साक्ष नक्कीच आहे.

मालिकेला मर्यादाही होत्या. प्रत्येक प्रश्न एका बाईच्या धिटाईने अर्ध्या तासात सुटे. प्रत्यक्षात एकट्याचा आवाज बहुधा खिडकीपाशीच विरतो. त्यासाठी संघटना आणि कायदा लागतो. १९८६च्या कायद्याची जागा पुढे २०१९च्या नव्या कायद्याने घेतली, तरी तक्रार लिहिण्याचा कंटाळा अजून गेलेला नाही.

यानंतर 'उडान'मध्ये (१९८९) कविता चौधरी यांनी पोलीस अधिकारी साकारली. बासू चटर्जींनी १९९३ मध्ये 'ब्योमकेश बक्षी' केली, तेव्हा त्यांचा हेर पुन्हा पुरुष होता. मराठीत स्त्री गुप्तहेर नायिका म्हणून ठसली ती २०१४ साली झी मराठीवर सुरू झालेल्या 'अस्मिता'मध्ये, मयूरी वाघ हिच्या रूपाने.

प्रिया तेंडुलकर पुढे स्वतःच्या नावाच्या चर्चेच्या कार्यक्रमातूनही प्रश्न विचारीत राहिली. मराठीत तिने कथालेखनही केले. १९ सप्टेंबर २००२ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्याआधी, तिचे निधन झाले. रजनीचे कोणतेही प्रकरण आज पुन्हा पाहिले तर कपडे, दूरध्वनी आणि रस्ते जुने वाटतील. खिडकीपलीकडचा 'उद्या या' म्हणणारा माणूस मात्र ओळखीचाच वाटेल.