थांबला की थांबणारं गाणं

चिक्कडपल्लीत राहणाऱ्या बाईला गाणं ऐकायला लांब जावं लागत नाही. श्री त्यागराय गानसभा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, मागची आवराआवर करायची, पायात चपला सरकवायच्या आणि निघायचं. कधी कर्नाटक संगीत असतं, कधी कुचिपुडी, कधी जुन्या तेलुगू सिनेमातली गाणी. मी लग्न होऊन लातूरकडून इथे आले तेव्हा तेलुगूचा एक शब्द येत नव्हता. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं वेगळी होईपर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. त्या काळापासून राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं सासरचं घर. भाषा यायला मला दोन-तीन वर्षं लागली, गाणं मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यामुळे गाण्यातलं आपल्याला कळतं, असा माझा आपला एक समज होता.

मागच्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. "आई, शनिवारी रात्री मोकळी आहेस ना? गाणं ऐकायला जाऊ."

"कुणाचं आहे?"

"गेमबॉयचं," ती म्हणाली आणि हसली.

कार्यक्रम बंजारा हिल्सकडच्या एका लहानशा हॉलमध्ये होता. पन्नासेक माणसं असतील, बहुतेक पंचवीस-तिशीतली. साडी नेसलेली मी एकटीच. समोर टेबल, टेबलावर मुठीएवढे दोन राखाडी डबे आणि त्यांच्यामागे एक सडपातळ मुलगी. तंबोरा नाही, तबला नाही, पेटीसुद्धा नाही. तिने बटण दाबलं आणि जो आवाज आला तो मी लगेच ओळखला. टिंव टिंव, टुंव टुंव. तीस वर्षांपूर्वी आमच्या पुढच्या खोलीतल्या टीव्हीतून येणारा आणि स्वयंपाकघरातून ओरडून मी बंद करायला लावायची, तोच आवाज.

या संगीताला चिपट्यून म्हणतात. जुन्या कॉम्प्युटरच्या आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रात आवाज काढणारी एक चिप असे, तिच्यावर हे वाजवतात. गेमबॉय हे जपानी निन्टेंडो कंपनीचं हातात धरायचं खेळणं १९८९ साली आलं. मध्यंतरात मी त्या मुलीला विचारलं, याला वीज कुठून मिळते. ती म्हणाली, "चार पेन्सिल सेल बस हैं, आंटी." आणि तिने मागचं झाकण उघडून दाखवलं. या खेळण्याचा वाद्य म्हणून उपयोग करता यावा यासाठी जर्मनीतल्या ऑलिव्हर विटशाऊ यांनी १९९८च्या सुमारास नॅनोलूप नावाचा प्रोग्राम लिहिला. थोड्याच वर्षांत स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांचा एलएसडीजे आला. न्यूयॉर्कमध्ये २००६पासून काही वर्षं याच संगीताचा ब्लिप फेस्टिव्हल भरत असे. म्हणजे मला नवं वाटलेलं हे संगीत तसं नवं नाही.

गेमबॉयकडे एकूण चार आवाज. दोन चौकोनी लहरीचे, एक थोडा बदलता येणारा आणि एक नुसत्या खरखरीचा. चौकोनी लहर म्हणजे काय, तर दिव्याचं बटण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद, चालू-बंद करावं तशी वीज. खरखरीतून ताल काढायचा. एकदम तीन सूर हवे असतील तर एवढे आवाज कुठून आणायचे? मग तीन सूर एकामागोमाग इतक्या झपाट्याने वाजवायचे की कानाला ते एकत्रच वाटावेत. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५चा गेम अनेकींच्या मुलांनी खेळला असेल. चित्रं, गाणी, सगळा खेळ मिळून ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज आपण नातवाचा एक फोटो पाठवतो तो याहून कितीतरी मोठा असतो. महिनाअखेरीला डब्यात जे उरलंय त्यातच पाहुण्यांचं ताट सजवणाऱ्या बाईला ही कला समजावून सांगावी लागणार नाही.

मध्यंतरानंतर त्या मुलीने जुन्या गेममधले तुकडे वाजवायला घेतले. एक तुकडा सुरू होणार तोच शेजारून गुणगुण ऐकू आली. लेक गुणगुणत होती. आणि गंमत म्हणजे समोरच्या यंत्राच्या अर्धा क्षण पुढे होती. पुढचा सूर कोणता, हे तिला पाठ होतं.

"हे तुला कसं येतं?"

"डिग डगचं आहे, आई. आपल्याकडे होता ना. दादा खेळायचा, मी ऐकायचे."

एवढंच बोलून ती पुन्हा ऐकायला लागली. माझं मात्र त्या रात्रीचं गाणं तिथेच संपलं.

१९९३ साली ह्यांनी कोठीतल्या गुजराती गल्लीतून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. ही यंत्रं म्हणजे १९८३च्या जपानी फॅमिकॉमच्या नकला. आपल्याकडे त्या काळात समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी मिळत. एकाच कॅसेटमध्ये ढीगभर गेम असत. आमच्या यंत्राला खेळायच्या दोन दांड्या होत्या. एक मुलाच्या हातात, दुसरी त्याच्या शाळेतल्या मित्रासाठी. लेक आठ वर्षांची होती. ती मागे चटईवर बसून वही रंगवायची आणि बघायची. एकदा तिने मागितलं तेव्हा मीच म्हणाले होते, "राहू दे गं, ते मुलांचं खेळणं. मोडलं तर बाबा रागावतील." सासूबाईंची हरकत वेगळी होती. डिग डगमध्ये जमिनीखाली बोगदे खणत जायचं आणि समोर आलेल्या प्राण्याला पंपाने हवा भरून फोडायचं. त्या म्हणायच्या, "खेळातसुद्धा जीव मारायचा शिकवतायत पोरांना!" त्या माळ ओढत आत निघून जायच्या आणि मग मी टीव्ही बंद करायला सांगायची. त्यात गाणं आहे, हे आम्हां दोघींपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर मी या डिग डगच्या मागे लागले. आमच्याच सिटी सेंट्रल लायब्ररीत वर्षानुवर्षं बसून लागलेली ही सवय. एक धागा हाताला लागला की तो ओढल्याशिवाय चैन पडत नाही. लेकीने मोबाइलवर शोधायला मदत केली.

डिग डग हा जपानच्या नामको कंपनीचा १९८२चा गेम. त्याचं संगीत युरिको केइनो नावाच्या बाईंनी केलं. त्या कंपनीतला त्यांचा हा पहिलाच गेम. त्यांना काम दिलं होतं ते गाण्याचं नव्हतंच. पडद्यावरचा माणूस चालतो त्याच्या पावलांचा आवाज करा, असं सांगितलं होतं. त्या यंत्रावर पावलांचा खरा वाटेल असा आवाज काही जमेना. मग त्यांनी पावलांऐवजी एक छोटी चाल रचली. म्हणून डिग डगमध्ये माणूस चालत असतो तोवरच गाणं वाजतं. तो थांबला की गाणं थांबतं.

हे कळलं तेव्हा मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो ना. दादा मध्येच थांबायचा. मग पुढचं मी मनातल्या मनात म्हणायचे."

केइनो एकट्या नव्हत्या. नामकोतच जुन्को ओझावा होत्या. १९८४च्या टॉवर ऑफ ड्रुआगाचं संगीत त्यांचं. कोनामी कंपनीच्या १९८५च्या ग्रेडियसचं संगीत मिकी हिगाशिनो यांचं. कॅसलव्हेनिया (१९८६) किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा यांनी केलं. यामाशिता इलेक्ट्रॉनिक्स शिकून कोनामीत आल्या आणि आल्या आल्या हे काम हाती आलं. मेगा मॅन (१९८७) मानामी मात्सुमाए यांचं. स्ट्रीट फायटर टू (१९९१), ज्याच्यापायी गल्लीतली पोरं शाळा बुडवायची, त्यातली बहुतेक गाणी योको शिमोमुरा यांची. शिमोमुरा पियानो शिकलेल्या. पियानोच्या शिक्षिका होण्याऐवजी त्या गेम कंपनीत गेल्या तेव्हा घरचे आणि गुरू दोघांनाही वाईट वाटलं होतं. एवढं शिकून हे काय करतेस? हे वाक्य जपानीत कसं म्हणतात ठाऊक नाही, मराठीत मला चांगलं ठाऊक आहे.

आता ही नावं त्या काळी पडद्यावर होती का? बऱ्याचदा नव्हती. कॅसलव्हेनियाच्या शेवटी संगीतकार म्हणून जेम्स बनाना असं नाव येतं. ड्रॅक्युलाच्या सिनेमाला संगीत देणाऱ्या जेम्स बर्नार्ड यांच्या नावावर केलेला तो विनोद. मेगा मॅनमध्ये मात्सुमाएंचंही टोपणनावच आहे. खरं नाव छापलं तर दुसरी कंपनी आपला माणूस पळवेल, ही कंपन्यांची भीती. न्यायाने सांगायचं तर ही रीत बायकांपुरती नव्हती. पुरुषांचीही नावं अशीच झाकली जात. पण झाकण सगळ्यांवर सारखंच असलं, तरी त्याखाली कोण आहे याचा अंदाज लोक एकाच बाजूने करतात. मीही तोच केला होता. ते यंत्र पुरुषांनी पोरांसाठी केलेलं, असं मी धरून चालले, आणि तेवढ्याच आधारावर लेकीला चटईवर बसवून ठेवलं.

आपल्या समाजातल्या वाचक-मैत्रिणींना आणखी एक नाव सांगते. अहमदाबादच्या जैन साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई, विक्रम साराभाईंच्या भगिनी. जन्म १९२२चा. पखवाज वाजवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. गोविंदराव बुऱ्हाणपूरकरांसारख्यांकडे त्या शिकल्या. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या संगीतकाराकडून पाश्चात्त्य संगीत शिकल्या. केजनी फी घेतली नाही. बदल्यात गीताबेननी त्यांना भारतीय संगीत शिकवायचं ठरलं. संगीत कशासाठी, या प्रश्नाला आपल्या गुरूंकडून मिळालेलं उत्तर त्यांनी केजना सांगितलं: मन शांत व्हावं, म्हणजे दैवी गोष्ट आत यायला वाट होते. केजनी ते जन्मभर जवळ ठेवलं.

पुढे गीताबेनचे भाऊ-बहीण गौतम आणि गिरा यांनी अहमदाबादला उभ्या केलेल्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला. अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला आणि भारतात विजेच्या यंत्रावर संगीत रचण्याचा स्टुडिओ सुरू झाला. तिथे काम केलेल्या मोजक्या लोकांत गीताबेन होत्या. काही वर्षांत तो बंद पडला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांतल्या रचना प्रसिद्ध झाल्या. तोवर गीताबेन जाऊन बारा वर्षं झाली होती. पखवाजावरून मूगवर हात नेणारी ही बाई आपल्यातली. पण घराण्याचं नाव निघालं की आपल्या तोंडी आधी रॉकेट येतं, गिरण्या येतात. गीताबेनचं नाव मी स्वतः साठी ओलांडल्यावर ऐकलं.

बाईचं गाणं उरतं आणि नाव जातं, हे आपल्याला नवीन नाही. जात्यावर दळताना आजीने म्हटलेल्या ओव्या आईच्या तोंडी आल्या, रचणारी कोण ते कुणीच विचारलं नाही. म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांचं काम मला मोठं वाटतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि नुसत्या ओव्या लिहून न थांबता म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. गाणं आपोआप टिकतं. नाव टिकवायला मात्र कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं.

मी वहीत वरची सगळी नावं लिहून ठेवली. मग लेकीला म्हणाले, "तेव्हा तुला द्यायला हवं होतं गं खेळायला." ती म्हणाली, "जाऊ दे, आई, काय घेऊन बसलीस." पण लगेच नाही म्हणाली. मध्ये थोडा वेळ गेला.

ते यंत्र आता घरात नाही. घराला रंग काढला त्या वर्षी मीच ते भंगारवाल्याला दिलं. लेकीने मोबाइलवर तोच गेम काढून माझ्या हातात दिला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. मी अंगठा ठेवला. पडद्यावरचा इवलासा माणूस चालायला लागला आणि युरिकोबाईंची चाल सुरू झाली. चार पावलांवर एक गोल गोल प्राणी समोर आला. त्याला मारायचं माझ्याने होईना, म्हणून मी अंगठा उचलला. गाणं थांबलं.

"चाल ना आई," लेक म्हणाली, "थांबलीस कशाला?"