मोदकाला वचन लावताना

गणपतीच्या दहा दिवसांत औरंगाबादच्या छावणीतल्या ख्रिस्ती घरांत एक प्रश्न ताटलीतून येतो. शेजारच्या काकू रुमालाखाली मोदक झाकून आणतात, "प्रसाद आहे हो" म्हणतात, आणि दार लागलं की घरात वाद सुरू होतो. आमच्या मंडळ्यांत हल्ली त्यावर एक तयार उत्तर आहे: शास्त्रात स्पष्ट मनाई आहे, ताटली परत करा. घेणारा तो कच्चा विश्वासी. मला हे उत्तर मान्य नाही. तेही शास्त्र वाचूनच.

पूर्वपक्ष दुबळा नाही. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर यरुशलेमच्या सभेने जी मोजकी बंधनं घातली, त्यांत मूर्तीला वाहिलेलं न खाण्याचं बंधन आहेच (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15). प्रकटीकरणात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांची याच कारणावरून खरडपट्टी निघाली आहे. पौलही करिंथकरांना बजावतो की प्रभूच्या आणि भुतांच्या, अशा दोन्ही मेजांवर बसता येत नाही. तीन साक्षी झाल्या. खटला संपला असं कुणालाही वाटेल.

पण घोटाळा शब्दापासूनच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात आपण 'नैवेद्य' वाचतो आणि डोळ्यांपुढे उकडीचा मोदक येतो. मूळ ग्रीक शब्द 'एइदोलोथुतोन', म्हणजे मूर्तीपुढे बळी दिलेलं, मुख्यतः मांस. करिंथात अस्क्लेपियसच्या देवस्थानाला लागून जेवणाच्या खोल्या सापडल्या आहेत, भिंतीकडेने टेकून जेवायची आसनं असलेल्या. तिथल्या मांसबाजाराचा उल्लेख असलेला लॅटिन शिलालेखही मिळाला आहे. हे डोळ्यांपुढे ठेवलं की पौलाचं बोलणं उलगडतं. देवळातली पंगत, बाजारातलं दुकान आणि यजमानाचं घर या तीन जागा तो वेगळ्या धरतो. पंगतीला बसू नका. भुतांच्या मेजाचा इशारा तिथला आहे. बाजारातलं मांस मात्र चौकशा न करता घ्या. आणि कुणी घरी जेवायला बोलावलं, तर पुढ्यात येईल ते खा. हे दहाव्या अध्यायाच्या शेवटी आहे, पण वचन काढून देणाऱ्यांचं बोट तिथवर क्वचित सरकतं.

बाजाराचा नियम तर आपण या शहरात बिनबोभाट पाळतो. रविवारची उपासना आटोपली की जुन्या शहरातून नान-खलिया येतो. ते जनावर कापताना कोणाचं नाव घेतलं होतं, हे आजवर एकाही वडीलधाऱ्याने हंडीचं झाकण उघडताना विचारलेलं मी ऐकलेलं नाही. हलाल म्हणजे मूर्तीपुढचा बळी नव्हे, हे खरंच. पण परक्या उपासनेचा स्पर्शच बाधतो असं म्हणायचं, तर खलियाला सूट कोणत्या वचनाने मिळते?

इथे प्रतिपक्षी हुकमाचं पान टाकतो. यजमानाकडे कुणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका, हेही पौलानेच लिहिलं आहे. काकू तर दारातच 'प्रसाद' म्हणाल्या! आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पण पौल कारणही देतो: खाणाऱ्याच्या नव्हे, सांगणाऱ्याच्या सद्सद्विवेकबुद्धीसाठी. म्हणजे बाधा पदार्थात नाही. माझ्या खाण्याचा अर्थ समोरचा काय लावतो, यावर सगळं अवलंबून आहे. नाताळात आमच्या दारावर तारा लागलेला काकूंनी वर्षानुवर्षं पाहिला आहे, आमच्या करंज्या त्यांच्याकडे गेल्या आहेत. मी मोदक खाल्ला म्हणून मी गणपतीपुढे हात जोडले असं त्यांच्या मनातही येत नाही. जिथे तसा अर्थ लागेल, तिथे नको म्हणावं.

नकाराचा आणखी एक उगम आहे, आणि तो मला वचनापेक्षा खरा वाटतो. एकोणिसाव्या शतकात पारशी समाजातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं काम करत होते. मराठवाड्यातल्या मंडळ्यांत पुढे आले ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले लोक. देवळाची पायरी ज्यांना बंद, त्यांच्या पदरात प्रसाद पडला तर तो लांबून टाकलेला. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी 1927 साली महाडला सांगितलं, त्यामागचा स्वाभिमान या नकारातही आहे. माझ्या आजीने उभ्या आयुष्यात प्रसादाला हात लावला नाही. तिला करिंथ कुठे आहे ते माहीत नव्हतं. गावकीचं वाढणं कसं असतं ते पक्कं माहीत होतं. तिच्यापुढे मी पौल काढणार नाही. मात्र तिचा नकार उचलून त्याला सार्वकालिक आज्ञेचा शिक्का मारणं, हे नवं सोवळं झालं. जुन्या सोवळ्यातून बाहेर पडताना लक्ष्मीबाई टिळकांना किती झगडावं लागलं, हे 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना ठाऊक आहे.

उलट बाजूचे 'मोकळे' लोकही मला तितकेच खटकतात. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग खायला काय हरकत, हा त्यांचा युक्तिवाद करिंथातल्या शहाण्यांचाच. आणि पौलाने त्यांनाच आधी धारेवर धरलं आहे, कारण त्यांचं पाहून दुबळ्या मनाचा भाऊ ठेचाळत होता.

दोन वर्षांपूर्वी मोदक आले तेव्हा आमच्याकडे एक तरुण बसला होता, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. त्याच्या घरी आईच्या अंगात येई, आणि देवीपुढचं खाल्लं नाही म्हणून त्याने लहानपणी मार खाल्लेला. रुमाल पाहूनच तो गप्प झाला. मी ताटली घेतली, काकूंना चहाला बसवलं, मोदक झाकलेलेच आत नेऊन ठेवले. तो गेल्यावर रात्री बायकोने आणि मी ते खाल्ले. सकाळी ताटली घासली. रिकामी परत द्यायची नसते म्हणून बायकोने तीत वाटीभर साखर घातली.