मोह, बदनामी आणि बहिणी: लंडनची एक कविता आणि भोर-वेल्ह्याच्या जात्यावरची सीता

बाईचं एकदा पाऊल चुकलं की संपलं, असं समाज म्हणतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही हेच म्हणत होते आणि सह्याद्रीच्या खोऱ्यांतही. पण लंडनच्या एका कवयित्रीने आणि मावळातल्या दळणाऱ्या बायांनी आपापल्या परीने याला वेगळं उत्तर दिलं. दोन्हीकडे गोष्ट मोहाची आहे आणि दोन्हीकडे मदतीला धावून येतात त्या बायकाच.

‘गॉब्लिन मार्केट’ ही कविता काय आहे?

ख्रिस्तिना रोझेटी (१८३०-१८९४) या व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या कवयित्री. त्यांनी ‘गॉब्लिन मार्केट’ ही दीर्घ कविता १८५९ मध्ये लिहिली. १८६२ मध्ये ती संग्रहात आली.

लॉरा आणि लिझी या दोन बहिणींची ही गोष्ट. ओढ्याकाठी रोज संध्याकाळी बुटके, विचित्र फळविके येतात आणि रसाळ फळांची हाळी देतात. लॉराकडे पैसे नसतात. ती आपल्या सोनेरी केसांची बट देते आणि पोटभर फळं खाते. दुसऱ्या दिवसापासून तिला ती हाळी ऐकूच येत नाही. पुन्हा तेच फळ हवं म्हणून ती झुरते, खंगते. याआधी त्यांची एक मैत्रीण अशीच झुरून मेलेली असते.

मग लिझी चांदीचं नाणं घेऊन त्या फळविक्यांकडे जाते. ‘इथेच बसून खा’ असा त्यांचा आग्रह. ती तोंड उघडत नाही. ते तिला मारतात, ओरबाडतात, फळं तिच्या तोंडावर चिरडतात. तोच रस अंगावर घेऊन लिझी घरी धावते. बहिणीच्या अंगावरचा तो रस चाखल्यावर लॉराला तो कडूजहर लागतो आणि एका भयंकर रात्रीनंतर ती बरी होते. पुढे दोघींची लग्नं होतात, मुलं होतात. लॉरा स्वतःच मुलांना ही गोष्ट सांगते.

त्या काळात यात वेगळं काय होतं?

त्या काळच्या इंग्लंडमध्ये लग्नाबाहेर संबंध आलेल्या बाईला ‘पतित’ म्हणत. कथा-चित्रांमध्ये तिचा शेवट बहुतेक वेळा मृत्यूने होई. रोझेटी स्वतः १८५९ पासून लंडनच्या हायगेट भागातल्या अशा स्त्रियांच्या आश्रमात सेवेला जात होत्या. त्यांच्या कवितेत चुकलेली मुलगी मरत नाही, घराबाहेरही काढली जात नाही. तिला वाचवायला कोणी राजपुत्र येत नाही. बहीण येते.

या कवितेचे अनेक अर्थ लावले गेले आहेत. कोणी त्यात ख्रिस्ती धर्मातलं पाप आणि तारण पाहतं, कोणी स्त्रीची कामना, तर कोणी बाजाराची लालूच. पण बहिणीचं नातं मध्यभागी आहे, हे कुठल्याही अर्थात नाकारता येत नाही.

याचा भोर-वेल्ह्याशी संबंध काय?

थेट संबंध काहीच नाही. पण हाच प्रश्न इथल्या बायांनीही गाण्यात मांडला आहे. नीरेच्या खोऱ्यातला भोर म्हणजे हिरडस मावळ. राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा वेल्हे म्हणजे गुंजन मावळ. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. या डोंगराळ पट्ट्यात गिरणी येण्याआधी नाचणी, वरी, तांदूळ घरोघरी जात्यावर दळलं जाई. पहाटे अंधारात दोन बाया समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात. एकीने ओवी उचलायची, दुसरीने साथ द्यायची.

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. ती कोणी लिहून ठेवली नाही आणि तिच्यावर कोणा एकीचं नावही नाही. ती आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे गेली. घरात जे बोलता येत नव्हतं, ते जात्याच्या घरघरीत म्हणता येत होतं.

ओव्यांमधल्या सीतेची चूक काय?

मराठी लोकपरंपरेतल्या रामकथेत सीतेलाही मोह होतो. तिला कांचनमृगाच्या कातड्याची चोळी हवी असते. तिच्या हट्टापायी राम हरणामागे जातो आणि भिक्षेकऱ्याच्या वेशातला रावण दारात येतो. इथवरची गोष्ट ‘बाईच्या हौसेपायी सगळं घडलं’ असं म्हणायला सोयीची आहे.

पण जात्यावर बसलेल्या बाया इथे थांबत नाहीत. त्यांचं मन रमतं ते पुढच्या भागात, सीतेच्या वनवासात. इथे तिची काहीच चूक नसते. लोककथेप्रमाणे कैकयी तिला रावण कसा दिसत होता असं विचारते. सीतेने त्याच्या पायाच्या अंगठ्यापलीकडे काही पाहिलेलं नसतं. ती तेवढाच काढून दाखवते. कैकयी उरलेलं चित्र पुरं करते आणि रामाला दाखवते. गरोदर सीतेला रानात सोडलं जातं.

ओव्यांमध्ये कैकयी ही सासुरवास करणारी सासू आहे आणि सीता ही प्रत्येक घरातली सून. म्हणून दळणारी बाई सीतेची पूजा करण्यापेक्षा तिची बाजू घेते. तिच्यावर आळ कसा आला आणि तो कोणी घेतला, हे पुन्हा पुन्हा सांगते.

बोरी-बाभळी कोण?

रानात सीता एकटीच रडत असते. सासर सुटलेलं, माहेर दूर. तेव्हा तिची समजूत काढायला येतात बोरी आणि बाभळी. या ओव्यांमध्ये ही झाडं म्हणजे बायकाच.

बोर आणि बाभूळ ही दोन्ही काटेरी झाडं. देवळाच्या दारात कोणी लावत नाही अशी, माळावर आपोआप उगवणारी. राजवाड्याने टाकलेल्या राणीला रानातल्या काटेरी बाया जवळ करतात. लिझीने जे लॉरासाठी केलं, त्याच जातीची ही माया आहे. फरक एवढाच, की लिझी बहिणीला घरी परत आणते, तर सीतेला परतायला घर उरलेलं नाही. तिला फक्त सोबत मिळते. दळणाऱ्या बाईलाही समोरच्या बाईकडून तेवढीच मिळत असे: सुटका नाही, पण सोबत.

म्हणजे सगळ्या ओव्या बंडखोर आहेत का?

नाही. लेकीने मान खाली घालून वागावं, बापाच्या नावाला बट्टा लागू देऊ नये, असं बजावणाऱ्या ओव्याही आहेत. जाच करणारी सासू, नणंद, जाऊ याही बायकाच. आणि रोझेटींच्या कवितेतही शेवटी लग्न आणि मुलंबाळं हाच सुखाचा मुक्काम आहे. दोन्हीकडे व्यवस्था मोडलेली नाही. मात्र त्या व्यवस्थेने टाकून दिलेल्या बाईला टाकायचं नाही, एवढं दोन्हीकडे ठाम आहे.

या ओव्या आज कुठे ऐकता येतात?

हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ या अभ्यासकांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या बायांबरोबर काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम पुढे राज्यभर पसरलं आणि हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झाल्या. ताराबाई भवाळकर यांच्या ‘सीतायन’ या पुस्तकात लोकपरंपरेतल्या सीतेचा सविस्तर मागोवा आहे.

गावोगावी गिरण्या आल्या, बायांच्या हातावरचे घट्टे गेले आणि ते बरंच झालं. जाती मात्र अंगणात उलटी पडून राहिली. ‘ती तिथे गेलीच कशाला?’ हा प्रश्न मात्र अजून जुना झालेला नाही. आता तो कॉमेंटमध्ये विचारला जातो. जात्यावरच्या बाया तो सीतेला विचारत बसल्या नाहीत. त्या आधी तिच्याजवळ जाऊन बसल्या.