गोबर गॅसची कुळकथा

गोबर गॅसचा इतिहास सांगणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत त्याच्या जन्माचे साल 1859 आणि जन्मस्थान मुंबईतील कुष्ठरोग्यांचा आश्रम असे दिलेले असते. परंतु एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आलेली ही नोंद टिकणारी नाही, कारण माटुंग्याचा तो आश्रम मुळी स्थापन झाला तोच 1890 साली. त्याचे संस्थापक मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ.  या आश्रमातील मैला साठवण्याच्या बंद टाकीवर वायू गोळा करण्याची तजवीज 1897 साली झाली, त्यावर दिवे लागले, आणि 1907 च्या सुमारास त्याच वायूवर एक इंजिनही चालू लागले. समाजाने वेशीबाहेर घातलेल्या माणसांच्या विष्ठेतून हिंदुस्थानातील या इंधनाचा प्रारंभ व्हावा, ही गोष्ट त्याच्या पुढील सर्व इतिहासावर प्रकाश टाकणारी आहे.

तसे पाहिले तर हा वायू शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हता. इटलीतील मॅजोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे व्होल्टाने 1776 साली गोळा केले आणि ते पेटतात हे दाखवून दिले. पुढे 1808 मध्ये हंफ्री डेव्हीने जनावरांच्या शेणातून निघणाऱ्या वायूतही तोच घटक शोधून काढला. मात्र ज्ञान झाले म्हणून कोणी टाक्या बांधल्या नाहीत. टाक्या बांधल्या गेल्या त्या शहरे तुंबू लागली तेव्हा, आणि मैल्याची विल्हेवाट हा कारभाऱ्यांच्या गळ्याशी आलेला प्रश्न झाला तेव्हा. इंग्लंडातील एक्झिटर येथेही माटुंग्याच्या किंचित आधी असाच प्रयोग झाला होता. ऊर्जा ही त्या सर्व खटाटोपातली वरकड मिळकत होती.

शेणाकडे लक्ष वळले ते पुष्कळ नंतर. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी 1939 च्या सुमारास शेण कुजवून वायू मिळवण्याचे प्रयोग केले, आणि त्यामागील चिंता शेतकऱ्याची होती: देशावर गोवऱ्या आणि कोकणात शेणी थापून शेण चुलीत घातले की शेत उपाशी राहते, आणि शेतात घातले तर चूल. हा पेच सोडवणारी व्यवहार्य युक्ती जशभाई पटेल यांनी 1951 साली काढली आणि तिला ‘ग्रामलक्ष्मी’ असे नाव पडले. पुढे साठीच्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिचा देशभर प्रसार केला. जमिनीत खोल विहीर, तिच्यावर पालथ्या पातेल्यासारखी तरंगणारी लोखंडी टाकी, बाजूला शेण आणि पाणी समभाग कालवण्याचा हौद. काडीकचरा हाताने वेचून काढावा लागतो, नाहीतर नळी तुंबते. वायू साठला की टाकी वर उचलली जाते, वापरला की खाली बसते, आणि पाईपात ओल साचली की शेगडीची निळी ज्योत फुरफुरू लागते, तेव्हा ते पाणी काढून टाकावे लागते. या वायूत निम्म्याहून अधिक भाग मिथेनचा. शिवाय उरलेला राडा, ज्याला आता सगळे स्लरी म्हणतात, नत्र राखून शेतात जातो.

1973 साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि एकाएकी राज्यकर्त्यांना शेणाची थोरवी पटली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी यांनी त्या दशकात एक हिशेब मांडला, तो आजही वाचण्याजोगा आहे: कोळशावर चालणारा एक प्रचंड खतकारखाना जितके नत्र देईल तितकेच गावोगावच्या हजारो गोबर गॅस टाक्यांतून मिळू शकते, पण कारखान्यात काम मिळते सुमारे हजार माणसांना आणि टाक्यांवर लाखाहून अधिकांना, शिवाय कारखाना ऊर्जा खातो आणि टाक्या ती देतात. हिशेब बिनतोड होता. त्याच्यापुढे उभा राहिला तो गोठ्याचा प्रश्न. घरगुती दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे 50 किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चारपाच तरी जनावरे हवीत आणि तितकेच पाणीही हवे. ज्या घरात ही जनावरे नव्हती, त्या घरातील बाई पूर्वी रस्त्यावरचे, माळावरचे शेण वेचून गोवऱ्या थापीत असे. शेणाला मोल आले आणि तेही मालकीचे झाले. दुष्काळात जनावरे विकली गेली की श्रीमंताची टाकीही कोरडी पडे. उरलेल्यांचे लोखंड गंजे. त्यावर उपाय म्हणून 1978 मध्ये ‘जनता’ आणि 1984 मध्ये ‘दीनबंधू’ ही विटांच्या घुमटाची स्वस्त बांधणी आली. नावे गरिबांची होती. जनावरांची अट तीच राहिली.

याच काळात देहूला, सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आलेले सुहास मापुसकर कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन यांच्या सफाईकार्याचा धागा पकडून संडासाला जोडलेल्या गॅसटाकीवर काम करीत होते. मैल्याच्या गॅसवर स्वयंपाक करायला कोण धजणार, ही शंका वाजवी होती. तरी त्यांचा मूळ हेतू गावातला रोग हटवण्याचा होता, आणि त्या हेतूने हे कूळ पुन्हा माटुंग्याच्या घराण्याशी जोडले गेले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी खरकट्यावर आणि सडक्या धान्यावर चालणारी छोटी टाकी तयार केली; तीत गोठ्याची अट सुटते, आणि म्हणूनच मला ती या वंशातील सर्वांत कर्तबगार शाखा वाटते.

2016 नंतर उज्ज्वला योजनेतून सिलिंडर खेडोपाडी पोचले आणि धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईला त्याने दिलासा दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्यातला निम्म्याहून अधिक वायू परदेशातून येतो, आणि दुसऱ्यांदा भरून घेण्याची ऐपत नसलेल्या घरात चूल पुन्हा पेटते. नवीकरणीय ऊर्जेचे कैवारी अशा वेळी गोबर गॅसला सिलिंडरशी झुंजायला उभे करतात, युनिटचा भाव काढतात आणि हरतात. त्या हिशेबात स्त्रीच्या फुप्फुसाची, वाचलेल्या खताची आणि हटलेल्या घाणीची बाब कुठेच धरलेली नसते. गोबर गॅसची योजना आजही दिल्लीत नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या दप्तरी आहे. माझ्या मते तिची खरी जागा आरोग्य खात्याच्या खर्चात आहे, आणि तो खर्च ज्यांच्या दावणीला एकही जनावर नाही त्यांच्या वस्तीतील सामाईक टाकीवर प्रथम व्हावा.