पाण्याची वाट बुजवली की मीठ वर येतं



आज पिकाचं नाही, मिठाचं थोडं. आमच्या रानाच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांचा तुकडा आहे. उन्हाळ्यात तिथं चुना सांडल्यासारखं पांढरं दिसतं. उसाचे कोंब निघतात अन् पिवळे पडून बसतात. आजोबांच्या वेळी हे रान असं नव्हतं.

आपल्या श्रीरामपूर भागाचा इतिहास म्हणजे प्रवरेच्या डाव्या कालव्याचा इतिहास. भंडारदरा धरणाचं काम 1910 ला सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. कालव्याच्या भरवशावर हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, घरं उभी राहिली. हे ऋण नाकारायचं नाही. पण काळ्या जमिनीतून पाणी सावकाश झिरपतं. वरून बारमाही भिजवण अन् खाली निचरा नाही, मग जमिनीतलं पाणी वर चढतं. ऊन लागलं की पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात.

1885 च्या नीरा डाव्या कालव्यावर हे आधीच दिसलं होतं. तिथं विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली: पाणी ठरावीक क्षेत्राला, पिकं आलटून-पालटून, सगळीकडं ऊस नाही. शिस्त सांगितलेली होती, आपण विसरलो.

मागं अलिबागकडं पाहुण्यांकडं गेलो होतो. तिथं मीठ निसर्गाचंच. खाडीकाठच्या चिखलात भरतीचं पाणी येतं, ओहोटीला जातं. तिथली तिवरं अन् मोरस गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. जिताड्याची, निवटीची पिल्लं तिथंच वाढतात. त्याच खारपट्ट्यात माणसानं बांध घालून भात पिकवला. तिथल्याच चरी गावानं खोतांविरुद्ध 1933 ते 1939 संप केला. 1948 ला खार जमिनीचा कायदा आला. म्हणजे बांधानंही पोटं भरली, हे खरं.

पण बांधापुढची तिवरं तोडली की लाट थेट बांधावर बसते. एक खांड पडली की भरतीचं पाणी आत, भात गेलं. आणि खाजणात भराव टाकला तर ना मासा, ना भात, पुराच्या पाण्याला पसरायला जागाही नाही. 2005 ला उच्च न्यायालयाला तिवरं तोडायला मनाई करावी लागली, ती उगीच नाही.

तिथं उभं राहून मला आपलाच तुकडा आठवला. कोकणात भरतीची वाट बुजते, आपल्याकडं निचऱ्याची. आमच्या बांधाला जुना चर होता. सपाटीकरणात जेसीबीनं तो मीच बुजवला, दोन सऱ्या जास्त मिळाव्या म्हणून. दोन सऱ्यांपायी वीस गुंठे गेले.

या उन्हाळ्यात शेजाऱ्याला सोबत घेऊन चर पुन्हा उघडला. तो नाल्याला मिळेपर्यंत काम धरलंय, कारण अर्धा चर म्हणजे डबकंच. माती तपासायला दिलीय. चोपण निघाली तर जिप्सम, नुसती खारवट निघाली तर निचरा अन् गोड्या पाण्यानं धुणं. खारवट रानात जिप्समवर पैसे घालू नका.

तुमच्या गटात पूर्वी कुठून चर, नाला जायचा? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती वाट त्यांनाच ठाऊक आहे.